‘जीपी२ इंजिन!’ : मॅक्लारेन आणि होंडाची तीन वर्षं

२७ सप्टेंबर २०१५, रविवार. आपल्याकडे त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. सकाळी साडेदहाला, म्हणजे बाहेर ढोल-ताशे तापायला लागले तेव्हा, तिकडे जपानमध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची रेस सुरू झाली. विसर्जनाच्या दिवशी घरी बसून रेस बघणारी माणसं महाराष्ट्रात फार नसतील. पण जी होती, त्यांच्या कानावर एक वाक्य पडलं. ते नंतर टी-शर्टवर छापलं गेलं, मीम झालं आणि आजही कुणाची गाडी हळू पळाली की कमेंटमध्ये हमखास येतं.

मुख्य सरळ पट्ट्यावर मॅक्लारेनच्या फर्नांडो अलोन्सोला तरुण मॅक्स वर्स्टॅपनने इतक्या सहज मागे टाकलं, की जणू अलोन्सो स्कूटीवर होता. अलोन्सो रेडिओवर ओरडला, “जीपी२ इंजिन! जीपी२!” आणि त्यापुढे नुसतीच एक वैतागाची किंकाळी. जीपी२ म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालची, शिकाऊ ड्रायव्हरांची मालिका. रणजी खेळणाऱ्याला ‘तू गल्ली क्रिकेटच्या लायकीचा आहेस’ म्हणावं, त्यातला प्रकार.

आता हे कुठे घडलं ते बघा. सुझुकाचा ट्रॅक होंडाने १९६२ मध्ये स्वतःच्या गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधला. अलोन्सोच्या गाडीतलं इंजिनही होंडाचंच. यजमानाच्या घरी, त्याच्याच पंगतीत बसून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ‘तुमची आमटी विटलेली आहे’ म्हणण्यासारखं होतं ते.

आमटी विटलेली होती, यात वाद नाही. पण ती विटली कशी आणि त्यात कुणाकुणाचा हात होता, हा भाग त्या एका वाक्याच्या आवाजात बुडून गेला. मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

●

या दोघांची आधीची कहाणी माहीत नसेल तर हा अपमान किती खोल गेला ते कळणार नाही. १९८८ साली मॅक्लारेनची गाडी, होंडाचं इंजिन आणि आयर्टन सेन्ना व अलँ प्रॉस्ट हे दोन ड्रायव्हर या संचाने सोळापैकी पंधरा रेस जिंकल्या. १९८८ ते १९९१ अशी सलग चार वर्षं टीमचं विजेतेपद त्यांच्याकडेच होतं. १९९२ च्या शेवटी होंडा बाहेर पडली. मॅक्लारेनने पुढे १९९५ ते २०१४ अशी वीस वर्षं मर्सिडीजचं इंजिन वापरलं.

होंडा मधल्या काळात परत आली होती, पण तो अध्याय विचित्र आहे. तिने स्वतःची टीम चालवली, भरपूर पैसा ओतला आणि डिसेंबर २००८ मध्ये, जगभरच्या मंदीत, एका झटक्यात सगळं बंद केलं. ती टीम तिचे प्रमुख रॉस ब्रॉन यांना एका पौंडाला विकली गेली. होंडाच्या पैशावर तयार झालेल्या त्याच गाडीत मर्सिडीजचं इंजिन बसवून ब्रॉन यांनी २००९ ची दोन्ही विजेतेपदं जिंकली. ड्रायव्हर होता जेन्सन बटन. हे नाव लक्षात ठेवा, कारण २०१५ मध्ये अलोन्सोच्या शेजारच्या गाडीत तोच बसलेला होता.

मे २०१३ मध्ये घोषणा झाली, की २०१५ पासून मॅक्लारेन आणि होंडा पुन्हा एकत्र येणार. दोघांनाही गरज होती. मर्सिडीजने ब्रॉनची टीम विकत घेऊन स्वतःचा संघ उभा केल्यापासून मॅक्लारेन तिच्यासाठी फक्त एक गिऱ्हाईक उरली होती. मॅक्लारेनचे सर्वेसर्वा रॉन डेनिस यांचं म्हणणं असं, की इंजिन बनवणारी कंपनी पूर्णपणे आपल्याच पाठीशी असल्याशिवाय या जमान्यात विजेतेपद मिळत नाही. होंडा आली तर इंजिन येणार, पैसा येणार आणि सावत्रपणा संपणार. होंडाला फॉर्म्युला वनच्या नव्या हायब्रिड नियमांमध्ये आपल्या तरुण इंजिनियरांसाठी शाळा दिसत होती.

शाळा होती खरी, पण अवघड. २०१४ पासून आलेलं हे इंजिन १.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं. त्याला टर्बो आणि दोन विजेची यंत्रं. एक ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पकडतं, ते समजायला सोपं आहे. दुसरं, ज्याला एमजीयू-एच म्हणत, ते टर्बोच्या दांड्यावर बसून एक्झॉस्टच्या गरम वायूंमधून वीज काढायचं. नियमाने त्याला मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरायची मुभा होती. सगळी मेख इथे होती. चाकांना १२० किलोवॅटची, म्हणजे साधारण १६० हॉर्सपॉवरची विजेची मदत मिळत असे. बॅटरीतून एका लॅपमध्ये चार मेगाज्यूलच काढायची परवानगी. भागाकार केला तर जेमतेम ३३ सेकंद. पण एमजीयू-एच चांगलं असेल तर त्याची वीज थेट चाकांकडे नेता येई आणि तिच्यावर मर्यादा नव्हती. म्हणजे ज्याचं एमजीयू-एच तगडं, त्याची वीज सरळ पट्टा संपेपर्यंत पुरणार. ज्याचं अशक्त, त्याचे १६० घोडे अर्ध्या वाटेत पाय ओढायला लागणार.

सुझुकात अलोन्सोचे घोडे असेच थांबत होते.

●

होंडाचं एमजीयू-एच अशक्त का राहिलं? इथे मॅक्लारेनचं नाव येतं, आणि मीममध्ये ते नसतं.

मॅक्लारेनला गाडीचा मागचा भाग अतिशय बारीक हवा होता. हवा त्याच्या अंगाला चिकटून वाहावी आणि गाडी वळणात जमिनीला धरून राहावी, हा हेतू. या कल्पनेला त्यांनी नावही फॅशनच्या दुनियेतून घेतलं होतं, ‘साइझ झिरो’. हे साधायचं तर इंजिन आक्रसायला हवं. होंडाने ते मान्य केलं आणि टर्बोचा कॉम्प्रेसर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत बसवला. खाच केवढी, तर कॉम्प्रेसर तेवढाच. लहान कॉम्प्रेसरमुळे टर्बोची ताकद खुंटली आणि त्याच दांड्यावरून मिळणारी वीजही. वर सगळं एकमेकांना खेटून बसवलेलं, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला जागा नाही आणि एक सुटा भाग बदलायचा तर अर्धं इंजिन उघडायचं.

म्हणजे ज्या बारीक कमरेचं मॅक्लारेन कौतुक करत होती, तिची किंमत इंजिन मोजत होतं. आणि इंजिनावर नाव होंडाचं होतं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये अबू धाबीला या जोडीची पहिली जाहीर चाचणी झाली. दोन दिवसांत गाडी पाच लॅप चालली. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी दोन. फेब्रुवारीत स्पेनमधल्या हेरेथला चार दिवस मिळाले, तिथे ७९ लॅप झाले. त्याच चार दिवसांत मर्सिडीजने ५१६ लॅप मारले. चाचणीतल्या अपघातानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने अलोन्सो मेलबर्नची पहिली रेस खेळला नाही. त्याच्या जागी आलेल्या केविन मॅग्नसनचं इंजिन रेस सुरू होण्याआधीच, ग्रिडकडे जाताना गेलं. बटन शेवटपर्यंत पोचला. अकरावा, म्हणजे पोचलेल्यांत शेवटचा, दोन लॅप मागे.

पुढचा आकडा मला नेहमी हसवतो आणि मग थोडा वेळ गप्प करतो. ठरलेल्यापेक्षा जास्त इंजिनं किंवा त्यांचे भाग वापरले की सुरुवातीच्या रांगेत मागे ढकलण्याचा दंड होत असे. ऑगस्टमध्ये बेल्जियमला मॅक्लारेनच्या दोन गाड्यांना मिळून १०५ जागांचा दंड झाला. ग्रिडवर गाड्या एकूण वीस! म्हणजे दंड पूर्ण भोगायचा तर बटन आणि अलोन्सोला ट्रॅकबाहेर, पार्किंगच्याही पलीकडे, एखाद्या शेतात उभं करायला हवं होतं.

वर्षाच्या शेवटी ब्राझीलला पात्रता फेरीत गाडी बंद पडली, तेव्हा अलोन्सोने जवळच्या कुणाची तरी घडीची खुर्ची ओढली आणि चेहरा उन्हाकडे करून निवांत बसला. तो फोटो तुम्ही पाहिलेला असणार. मोसमाच्या शेवटी मॅक्लारेनचे गुण २७, दहा टीममध्ये नववा क्रमांक.

●

एवढं वाईट असेल तर दुरुस्त का करत नाहीत, हा प्रश्न मलाही त्या वेळी पडायचा. उत्तर असं, की नियमांनी हात बांधलेले होते. मोसम चालू असताना ट्रॅकवर चाचण्या घ्यायला जवळजवळ बंदी. इंजिनात बदल करायचे तर ‘टोकन’ खर्च करायचे, आणि होंडाला २०१५ मध्ये त्यांपैकी नऊच मिळाली. खर्च आटोक्यात राहावा म्हणून केलेले हे नियम. पण एक वर्ष उशिरा वर्गात आलेल्या मुलाला वही उघडायची परवानगी नसावी, असा त्यांचा परिणाम झाला.

शिवाय मर्सिडीजचं इंजिन त्या वर्षी चार टीमकडे होतं. म्हणजे प्रत्येक रेसला आठ गाड्या तिच्यासाठी माहिती गोळा करत होत्या. होंडाकडे दोन गाड्या, त्यातली एक बहुतेक वेळा बंद. दुसऱ्या एखाद्या टीमला इंजिन दिलं असतं तर चुका लवकर सापडल्या असत्या. पण डेनिस यांना होंडा फक्त आपल्यासाठी हवी होती. तोच तर या लग्नाचा मूळ हेतू होता.

२०१६ मध्ये कॉम्प्रेसर थोडा मोठा झाला, होंडाचे प्रमुख यासुहिसा अराई यांच्या जागी युसुके हासेगावा आले आणि गाडी गुण मिळवायला लागली. ७६ गुण, सहावा क्रमांक. सगळ्यांना वाटलं, चढण संपली. आता २०१७ मध्ये टोकनची अटही जाणार होती.

मग होंडाने धाडस केलं. जुनी रचना मोडीत काढून टर्बोचे दोन भाग इंजिनाच्या दोन टोकांना नेले आणि मधून लांब दांडा घातला. मर्सिडीज सुरुवातीपासून हेच करत होती. दिशा बरोबर होती, पण वेळ नव्हता. एका सिलिंडरच्या प्रायोगिक इंजिनावर नीट जमलेलं ज्वलन सहा सिलिंडरमध्ये तसं जमेना. बार्सिलोनाच्या चाचणीत पहिल्याच दिवशी तेलाच्या टाकीने दगा दिला.

या टाकीपाशी जरा थांबू. कारखान्यात इंजिन तपासतात ते डायनोवर, म्हणजे एका जागी घट्ट बसवून. तिथे ते हवं तितकं पळवता येतं, पण वळवता येत नाही. खरी गाडी बार्सिलोनाच्या लांब वळणात शिरते तेव्हा टाकीतलं तेल सगळं एका अंगाला चढतं आणि पंपाला तेलाऐवजी हवा मिळते. हासेगावा यांनी ही चूक लपवली नाही. डायनोवर हे तपासता येत नाही, असं त्यांनी पत्रकारांना सरळ सांगितलं. कंपनांचंही तसंच. गिअरबॉक्स आणि टायर जोडले की इंजिनाची थरथर बदलते आणि बाकावर शांत वाटलेलं यंत्र गाडीत खडखडायला लागतं. आपल्याकडे कुणाला हे समजावून सांगायला नको. गॅरेजमध्ये मेकॅनिकसमोर गाडी अशी चालते की आपणच खोटे ठरतो, आणि खंबाटकीच्या घाटात अर्ध्यावर गेलो की तोच आवाज परत.

२०१७ च्या एप्रिलमध्ये रशियात अलोन्सोची गाडी रेसच्या आधीच्या फेरीतच थांबली. स्पेनमध्ये, त्याच्या मायदेशात, शुक्रवारच्या सरावात पहिल्याच लॅपला इंजिन गेलं, तर तो उठून टेनिस खेळायला गेला. टीमला पहिला गुण मिळायला आठवी रेस उजाडली.

त्या मे महिन्यात अलोन्सोने मोनॅकोची रेस सोडून अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० मध्ये भाग घेतला. ओव्हल ट्रॅकवरची त्याची ती पहिलीच रेस. तिथेही इंजिन होंडाचंच, पण होंडाच्या अमेरिकी शाखेने बनवलेलं. तो पाचव्या जागेवरून निघाला, २७ लॅप आघाडीवर राहिला, आणि २०० पैकी १७९व्या लॅपला मागून धूर निघाला. रेस जिंकली ताकुमा सातोने. जपानी ड्रायव्हर, होंडाचंच इंजिन आणि अलोन्सो ज्यांच्यासोबत उतरला होता त्या अँड्रेटी संघाचीच गाडी. असं कुणी कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा अति होतंय.

१५ सप्टेंबर २०१७ ला, सिंगापूरच्या रेसच्या आठवड्यात, घटस्फोट जाहीर झाला. मॅक्लारेन पुढच्या वर्षी रेनॉचं इंजिन विकत घेणार आणि होंडा टोरो रोसो या इटलीतल्या लहान टीमकडे जाणार. रॉन डेनिस तोवर मॅक्लारेनमधून बाहेर गेले होते. होंडाकडून येणारा पैसा सोडून इंजिनाचे पैसे भरायची तयारी मॅक्लारेनने दाखवली, यावरून तिची खात्री किती होती ते कळतं. तीन वर्षं त्यांचे लोक सांगत होते की गाडी उत्तम आहे, अडचण इंजिनाची आहे.

●

२०१८ मध्ये या विधानाची परीक्षा झाली. रेनॉचं तेच इंजिन रेड बुलकडेही होतं, त्यामुळे तुलना सरळ होती. रेड बुलने त्या वर्षी चार रेस जिंकल्या आणि ४१९ गुण मिळवले. मॅक्लारेनला ६२. चाचण्यांच्या वेळीच गाडीचं मागचं झाकण उष्णतेने करपलं आणि हवा जावी म्हणून त्याला भोकं पाडावी लागली. पुन्हा तीच जागेची कंजुषी! या वेळी बोट दाखवायला होंडा नव्हती. जुलैमध्ये रेसिंग संचालक एरिक बुलिए यांनी राजीनामा दिला. मोसम संपल्यावर अलोन्सोनेही फॉर्म्युला वन सोडलं (नंतर परत आला, ते वेगळं).

मॅक्लारेन तीन वर्षं खोटं बोलत होती, असं मी म्हणणार नाही. त्यांना ते खरंच वाटत असावं. गाडीतला दुबळा भाग इतका उघड असला की बाकीचं सगळं आपोआप चांगलं दिसायला लागतं. सरळ पट्ट्यावर मागे पडलो की इंजिनाचा दोष. पण गाडी स्वतःच हवेला जास्त अडत असेल तर तिथेही तेवढंच मागे पडायला होतं, आणि तीन वर्षं ते वेगळं मोजून बघायची गरज कुणाला वाटली नाही.

होंडाच्याही चुका होत्याच. ती अर्धवट तयारीने आली. मॅक्लारेनने बारीक इंजिन मागितलं तेव्हा ‘हे जमणार नाही’ म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. २००८ च्या माघारीनंतर फॉर्म्युला वन कोळून प्यालेली बरीच माणसं तिच्याकडे उरली नव्हती, आणि ती बाहेरून आणण्याऐवजी सगळं घरच्या घरी करायचा हट्ट होता.

टोरो रोसोकडे दडपण नव्हतं. टीमचे प्रमुख फ्रांत्स टोस्ट पूर्वी जपानमध्ये राहिलेले होते. इंजिनाला जेवढी जागा लागेल तेवढी घ्या, असा सूर. मुद्दाम दंड पत्करून नवी इंजिनं बसवायची आणि शिकायचं, हेही चालायचं. दुसऱ्याच रेसला, बहरीनमध्ये, पिएर गॅसली चौथा आला. त्याआधीच्या रेसनंतर अलोन्सो रेडिओवर म्हणाला होता, की आता आपण लढू शकतो. गॅसलीने बहरीनला रेस संपल्यावर नेमकं तेच वाक्य उच्चारलं. कुणाला टोमणा होता ते सांगायला नको.

तिकडे साकुराच्या संशोधन केंद्रात, २०१७ च्या त्या लांब दांड्याचा प्रश्न सुटायला मदत झाली ती होंडाच्या विमान-इंजिन विभागाची. अतिवेगाने फिरणारा दांडा थरथरू न देणं हे जेट इंजिनवाल्यांचं रोजचं काम. ही माणसं आधीपासून त्याच कंपनीत होती. त्यांना विचारायला एवढी वर्षं का लागली, हा प्रश्न मोठ्या कंपनीत नोकरी केलेल्या कुणालाही पडणार नाही.

३० जून २०१९ ला ऑस्ट्रियात रेड बुलच्या गाडीतून मॅक्स वर्स्टॅपन जिंकला. चार वर्षांपूर्वी सुझुकात अलोन्सोला मागे टाकणारा तोच. २००६ नंतर होंडाच्या इंजिनाचा हा पहिला विजय. मंचावर चढण्याआधी त्याने छातीवरच्या होंडाच्या चिन्हाकडे बोट दाखवलं. टीमतर्फे करंडक घ्यायला तोयोहारू तानाबे वर गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते मॅक्लारेनमध्ये होंडाचे तरुण इंजिनियर होते आणि गेरहार्ड बर्गरच्या गाडीचं इंजिन सांभाळायचे.

पुढचं माहीत असेलच. २०२१ मध्ये वर्स्टॅपन विजेता झाला, सेन्नाच्या १९९१ नंतर होंडाचा पहिला. २०२३ मध्ये साकुराच्या इंजिनावर रेड बुलने बावीसपैकी एकवीस रेस जिंकल्या. मॅक्लारेनने २०२१ पासून पुन्हा मर्सिडीजचं इंजिन घेतलं आणि २०२४ मध्ये टीमचं विजेतेपद मिळवलं, तेही गिऱ्हाईक म्हणून, जे होऊच शकत नाही असं डेनिस सांगत होते.

मे २०२३ मध्ये होंडाने आणखी एक घोषणा केली. २०२६ पासून तिचं इंजिन अ‍ॅस्टन मार्टिनच्या गाडीत असेल. त्या वेळी त्या टीमचा पहिला ड्रायव्हर अलोन्सो होता. पुढच्या वर्षी त्याने आपला करार वाढवून घेतला, २०२६ पर्यंत.